मदत हवी आहे: कोटेशन बघून स्वस्त कार विमा घेतला, आता पॉलिसी रद्द करायची नोटीस आलीय

समुद्रकाठ_07
नमस्कार, जरा लवकर सांगा, हातात दिवस कमी आहेत. गाडीचा विमा संपत आला होता म्हणून मोबाईलवर तीन-चार ठिकाणी कोटेशन काढली, सगळीकडे वेगळा आकडा, एका ठिकाणी जवळजवळ चार हजारांनी कमी दिसलं ते घेतलं, पैसे गेले, पीडीएफ पण लगेच आली. आता महिन्याने मेल आलाय की माहिती जुळत नाही, सात दिवसांत खुलासा द्या नाहीतर पॉलिसी रद्द. त्यातले तीन दिवस गेले पण, मेल उशिरा बघितला. मी काहीही खोटं भरलेलं नाही, गाडीचा नंबर टाकला की सगळं आपोआप आलं. कस्टमर केअरला तीनदा फोन लावला, दर वेळी नवीन माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा. गुरुवारी आईला डोळ्याच्या ऑपरेशनला कोल्हापूरला न्यायचंय, देवगडहून फोंडा घाटाने. विम्याशिवाय गाडी काढायची नाहीये मला. काय करू?

घाटवळण
नक्की काय जुळत नाही ते मेलमध्ये असेलच ना, ते लिहा की. गाडी कुठली, किती वर्षांची, गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का?

मालवणी_गजाल
आणि गाडी कोणाच्या नावार आसा ता पण सांग. माझ्या भावाचो असोच घोळ झालेलो, आरसी बापाशीच्या नावार आणि पॉलिसी ह्याच्या.

समुद्रकाठ_07
स्विफ्ट पेट्रोल, चार वर्षांची, माझ्याच नावावर, पहिल्यापासून. मेलमध्ये फक्त 'एनसीबी मिसमॅच' एवढंच आहे. क्लेम वगैरे काही नाही.

आंबा_बागायतदार
म्हणून मी सांगत असतो, विमा ऑनलाइन घेऊच नये. आमचा बाजारपेठेतला एजंट वीस वर्षं घरी येऊन कागद करून जातो, काही झालं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. मोबाईलच्या दारात कोण उभं राहणार?

घाटवळण
दादा, एजंटने चुकीचं भरलं तरी सही मालकाचीच असते. माझ्या एजंटने न विचारता 25 टक्के एनसीबी लावला होता, निस्तरलं मीच. प्रश्न ऑनलाइनचा नाहीये.

सर्व्हेअर_निवृत्त
एनसीबी म्हणजे क्लेम न घेतल्याची सवलत. पहिल्या वर्षानंतर 20, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के, आणि ती फक्त ओडीच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्याचा दर कंपनी ठरवत नाही, तुमच्या इंजिनाला तो 1 जून 2022 पासून 3,416 लागू झाला, सगळ्यांना सारखाच. म्हणजे चार हजारांचा फरक ओडीतच आहे. आता दोन गोष्टी नीट बघून सांगा. जुन्या कंपनीने रिन्युअलचा जो आकडा पाठवला होता त्यात एनसीबी किती होता? आणि गेल्या वर्षभरात गाडीचं काहीही काम झालं का, अगदी काच, बंपर, आरसा?

समुद्रकाठ_07
जुन्या कंपनीने 0 दाखवला होता, मला वाटलं जास्त पैसे काढतायत म्हणून तर दुसरीकडे बघितलं. नवीन पॉलिसीत 45 आहे. काम म्हणाल तर मे महिन्यात माडाचा झाप पडून पुढची काच तडकली होती. पण तो क्लेम नाही, गॅरेजवाल्यानेच सगळं केलं, मी फक्त 1,000 रुपये दिले.

सर्व्हेअर_निवृत्त
तोच क्लेम आहे. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे मालकाने 1,000 रुपये स्वतः भरायचे असतात, ते तुम्ही भरलेत. काचेला घसारा लागत नाही म्हणून बाकी सगळे कंपनीने थेट गॅरेजला दिले. त्याने कॅशलेस केलं, तुम्ही फॉर्मवर सही केली असणार. फॉर्ममध्ये 'मागच्या वर्षी क्लेम: नाही' हे आधीच टिक केलेलं होतं ना?

समुद्रकाठ_07
हो, होतं. मी ते बघून पुढे गेलो. एका सायटीवर 'हो' करून पण बघितलं होतं किती फरक पडतो ते, आकडा वाढला म्हणून परत 'नाही' केलं, कारण मला खरंच वाटलं आपण क्लेम घेतलेलाच नाही.

चिपळूणकर_22
माडाखाली गाडी लावूच नका. आणि इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनासाठीचं जादा कव्हर घेतलंय का ते बघा सगळ्यांनी. 22 जुलै 2021 ला आमच्याकडे पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी गाडी चालू होते का बघायला स्टार्टर मारला, इंजिनात पाणी ओढलं गेलं, आणि साध्या पॉलिसीत इंजिनाचा खर्च नाकारला. बुडलेली गाडी चालू करायची नाही, टो करून न्यायची.

घाटवळण
महत्त्वाचं आहे पण यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांना गुरुवारी जायचंय.

रायडर_रत्नांग्री
एवढं काय, रद्द होऊ दे, दुसऱ्या कंपनीची घे पाच मिनिटांत. आणि फोंडा घाटात कोण कागद बघतंय.

सर्व्हेअर_निवृत्त
असले सल्ले देऊ नका. बिनविम्याचा दंड पहिल्यांदा 2,000, तो भरून माणूस सुटतो. पण घाटात कोणाला लागलं तर ती भरपाई मालकाच्या खिशातून जाते, त्यात घर जाऊ शकतं. आणि नवीन प्रपोजलमध्ये आधीच्या कंपनीने पॉलिसी रद्द केली का हे विचारतात, तिथे पुन्हा खोटं लिहिणार का?

समुद्रकाठ, नोटीस म्हणजे रद्द नव्हे, आज पॉलिसी चालू आहे. तरी थांबू नका. नवीन कंपनी जुनीला पत्र लिहून एनसीबी विचारतेच, तिथेच हे उघड झालंय, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. लेखी मेल करा: काचेचा क्लेम झाला होता, तो क्लेम धरला जातो हे माहीत नव्हतं, एनसीबी काढून फरक घ्या आणि सुधारित पॉलिसी द्या. याला ते 'एनसीबी रिकव्हरी' म्हणतात, फोनवर हाच शब्द वापरा. तक्रार क्रमांक घ्या. तक्रार करूनही महिनाभर दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे, सिंधुदुर्गाला पुणे कार्यालय लागतं. पण आधी फरक भरायची तयारी दाखवा.

आंबा_बागायतदार
हेच एजंटने केलं असतं.

मालवणी_गजाल
दादानू, ऱ्हवांदे आता. त्याची आवस थय वाट बघताहा.

समुद्रकाठ_07
मेल रात्रीच टाकला, गॅरेजमधून क्लेमचा कागदही आणला, त्यावर माझीच सही आहे. सकाळी फोनवर 'एनसीबी रिकव्हरी' म्हटल्यावर त्यांनी लगेच दुसऱ्या खात्याला जोडून दिलं. ओडी 7,000 वर 45 टक्के म्हणजे 3,150, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 3,717 ची लिंक आली, भरले. म्हणजे जुन्या कंपनीपेक्षा जेमतेम दीड-दोनशे रुपये वाचले. सुधारित पीडीएफ बुधवार संध्याकाळपर्यंत देतो म्हणालेत. नाही आली तर भावाची गाडी कणकवलीहून मागवून ठेवलीय. सर्व्हेअर काका, मनापासून आभार.

समुद्रकाठ_07
आली. बुधवारी सातला. एनसीबी 0, क्लेमच्या रकान्यात 'हो'. पहाटे पाचला निघतोय.

मोरी_खाडी
एक शंका. माझा मागचा बंपर गॅरेजवाल्याने असाच 'फुकटात' बदलून दिलाय आणि रिन्युअल पुढच्या आठवड्यात आहे. तो क्लेम झाला की नाही हे कुठे कळेल?

सर्व्हेअर_निवृत्त
जुन्या कंपनीला पॉलिसी नंबर सांगून विचारा, त्यांच्याकडे नोंद असते. लेखी घ्या. कोटेशन त्यानंतर काढा.