संत्र्याचे ४० हजार: डिप्लोम्यात घालू की जाहिरातीत?

वरूडचा बागवाला:
यंदा बी.कॉम. झालं. घरी पाच एकर संत्रा आहे. नागपुरातल्या एका कॉलेजात इंटरनेट मार्केटिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, फी ४० हजार. चुलतभाऊ तोच करतोय, आणि बाबा म्हणतात तूही कर. माझं म्हणणं आहे की हा पैसा आपल्याच संत्र्याच्या जाहिरातीत घालावा.

मागच्या आंबिया बहारात (ऑक्टोबर ते डिसेंबरात निघणारं पीक) ५ हजार रुपये बाजूला काढून गुगलवर जाहिरात लावली होती. पहिल्या तीन दिवसांत १,८०० रुपये गेले, ऑर्डर एकही नाही. मग लोक नेमकं काय शोधून आपल्याकडे येतात, तो रिपोर्ट उघडला. संत्रा बर्फी कशी करायची, संत्री खाण्याचे फायदे, सालीचा फेसपॅक! या प्रत्येक क्लिकचे पैसे मी भरत होतो. ते सगळे शब्द वगळायच्या यादीत टाकले. जाहिरातीसाठी पुणे निवडलं होतं, तरी पुण्याबद्दल नुसतं काही शोधणाऱ्या दुसऱ्या गावच्या लोकांनाही ती दिसत होती. तशी सेटिंग आधीपासूनच लावलेली असते, ती बदलली. त्यानंतर ११ पेट्या पुण्याला गेल्या.

पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट केलं, तर निम्म्या लोकांना मेसेज पोचलाच नाही. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच तो जातो. तेव्हापासून प्रत्येक पेटीत चिठ्ठी ठेवतो: पुढच्या बहारासाठी हा नंबर सेव्ह करा.

यातलं काय वर्गात समजलं असतं? भावाच्या नोट्समध्ये अजून युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सचे स्क्रीनशॉट आहेत. वेबसाइटवर कोण येतं-जातं ते मोजणारं ते साधन तर गुगलनं १ जुलै २०२३ पासून बंद केलं.

वाणिज्य शिकवते, अमरावती जिल्हा:
तुमची धडपड मनापासून आवडली, पण निष्कर्ष पटला नाही. ५ हजारांत ११ पेट्या म्हणजे एका पेटीमागे साडेचारशेच्या वर नुसती जाहिरात. त्यात खोका, वाहतूक आणि वाटेत नासलेला माल धरा. झाडावर बाग देऊन व्यापाऱ्याकडून जे मिळालं असतं, त्यापेक्षा हातात जास्त आलं का? हा हिशेब तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. आम्ही पहिल्या सत्रात तोच मांडायला शिकवतो.

दुसरं, आणि मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. पुण्या-मुंबईचा कपडेवाला जाहिरात चुकली तर पुढच्या आठवड्यात दुसरी लावतो. तुमचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतं. नोव्हेंबरातले तीन आठवडे चुका सुधारण्यात गेले तर फळ थांबणार नाही, गळून जाईल. चुकत चुकत शिकायला ज्याचा माल टिकतो त्यानं जावं. नाशवंत मालाच्या माणसानं आधी चार गोष्टी कागदावर चुकून याव्यात.

नोट्स जुन्या आहेत ही आमची चूक, मान्य. पण माल, किंमत, जागा आणि प्रसार ही मार्केटिंगचे अभ्यासक मॅकार्थी यांची चौकट १९६० ची आहे, ती एका सॉफ्टवेअरबरोबर बंद पडली नाही. आणखी एक विचारते. जाहिरातीत नागपुरी संत्र्याच्या भौगोलिक मानांकनाचं (जीआय, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख) चिन्ह टाकलं होतं का? मानांकन २०१४ मध्ये मिळालंय, पण चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

दर्यापूरचा मोबाईलवाला:
मॅडम, हिशेबाचं तुमचं बरोबर हाये. पण मी चार वर्षांपासून गावातल्या दुकानायच्या जाहिराती करतो, मले वेगळंच दिसते. डिप्लोमा केलेले दोन पोट्टे कामाले ठेवले होते. व्याख्या घडाघडा सांगत. जाहिरात नामंजूर झाली तं काहून झाली, हे दोघायलेही सांगता येत नव्हतं. कारण त्यायनं कधी स्वतःच्या पैशाची जाहिरात लावलीच नव्हती.

पोळ्याचा साज इकणारं एक दुकान हाये माह्याजवळ. झूल, मटाट्या, बेगड, घुंगरमाळा. त्याचा सारा धंदा पोळ्याच्या आधीच्या आठ दिवसांत. पहिल्या वर्षी मी पुस्तकी मराठीत जाहिरात केली, कोणी पायलं नाई. दुसऱ्या वर्षी दुकानदाराच्या बापालेच मोबाईलसमोर उभं केलं. त्यानं आपल्या वऱ्हाडीत सांगतलं की झूल कशी पाहून घ्यावी, रंग कसा टिकते. अंजनगावपासून लोकं आले! हे कोणत्या सिलॅबसमध्ये हाये?

अन एक घाव मीबी खाल्ला. दोन वर्षं खपून टिकटॉकवर फॉलोअर जमवले होते. २९ जून २०२० ले बंदी आली, सारं पाण्यात. तवापासून गिऱ्हाईकाचा नंबर वहीत लिहून ठेवतो.

वाणिज्य शिकवते, अमरावती जिल्हा:
भाऊ, टिकटॉकचा धडा आमच्याकडे पहिल्याच महिन्यात येतो: भाड्याच्या जागेवर घर बांधू नये. तुम्हाला तो दोन वर्षं घालवून मिळाला, हेच तर माझं म्हणणं आहे. बोलीचं मात्र मान्य करते. आमचं जाहिरात-लेखन अजून इंग्रजी नमुन्यांवरच चालतं आणि त्याची मला खंत आहे.

हळदवाली, समुद्रपूर तालुका:
तुम्ही सगळे वाद घालताय तो ज्यांच्या हातात स्वतःचा फोन आहे त्यांचा. मी बारावीला होते तेव्हा घरात एकच स्मार्टफोन होता, तो दादाचा. रात्री अर्धा तास मिळायचा. ५ हजार रुपये बुडवून शिकायला मला कोणी दिले असते?

कॉलेजनं मला दुपारी दोन तास कॉम्प्युटर दिला, आणि त्याहून मोठं म्हणजे घराबाहेर पडायचं कारण दिलं. 'शिकायला जाते' म्हटलं की एसटीत बसू देतात. 'इन्स्टाग्रामवर जाहिरात करते' म्हटलं तर आधी फोन काढून घेतात. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आमच्या गावच्या बचत गटाची वायगाव हळद मी निवडली. सरांची सही असलेलं पत्र दाखवलं तेव्हा गटातल्या काकूंनी मला माल, फोटो, हिशेबाची वही, सगळं दिलं. पत्राशिवाय दारातही उभं केलं नसतं. या हळदीला २०१६ मध्ये मानांकन मिळालंय, हे त्यांना माझ्या प्रोजेक्टमधून कळलं.

म्हणून 'कॉलेज बिनकामाचं आहे' असं कोणी लिहिलं की मला राग येतो. ते गावातल्या मुली वाचतात, आणि त्यांचे वडीलही.

नागपुरात एजन्सीत आहे, मूळ कारंजा:
ताई, तुमचा मुद्दा वेगळा आहे आणि खरा आहे. पण प्रश्न पदवीचा नव्हता, ४० हजारांच्या डिप्लोम्याचा होता. मी माणसं घेतो तेव्हा कागद बघत नाही. लॅपटॉप पुढे सरकवतो आणि म्हणतो, चालवलेलं एखादं खातं उघडून दाखव. गुगल अ‍ॅड्सचं प्रमाणपत्र स्किलशॉप या गुगलच्याच शिकवणीच्या साइटवर फुकट मिळतं आणि वर्षभरच चालतं, दरवर्षी परीक्षा परत द्यावी लागते. जे गुगल फुकट देतं त्यावर शिक्का मारून कोणी ४० हजार घेत असेल, तर पालकांनी आधी विचारावं: मुलाच्या हातात खरं जाहिरात खातं देणार का, आणि त्यात पैसे किती टाकणार? मोठ्या कंपन्यांच्या नोकरीला पदवी लागते हे खरं, पण बी.कॉम. तर यांचं झालेलंच आहे.

वरूडचा बागवाला:
मॅडम, तुमच्या पोस्टनंतर रात्री वही घेऊन बसलो. पहिल्या ११ पेट्यांत तोटाच झाला, लपवत नाही. पण त्यातल्या सात घरांनी पुन्हा मागवलं तेव्हा जाहिरातीचा खर्च शून्य होता. दोन्ही धरले तर व्यापाऱ्याच्या भावापेक्षा पेटीमागे ६० रुपये जास्त आले. चिन्ह मी पेटीवर छापलं होतं, नोंदणीचं माहीत नव्हतं. उरलेल्या खोक्यांवर कागद चिकटवला आहे.

ताई, मी कॉलेज बिनकामाचं म्हटलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला तसं वाटलं असेल. माझी बहीण यंदा बारावीला आहे. पेट्यांची यादी आणि पत्ते तीच लिहिते, आणि तिच्या नावावर घरात एक सिमकार्डही नाही, हे तुमचं वाचेपर्यंत मला दिसलंच नव्हतं.

४० हजार मात्र भरणार नाही. मृग बहाराची फळं फेब्रुवारीत निघतील, तेव्हा १० हजारांची जाहिरात, आणि हिशेब पहिल्या दिवसापासून.

वाणिज्य शिकवते, अमरावती जिल्हा:
फेब्रुवारीच्या आधी एकदा कॉलेजात या. आणि तो लोक काय शोधतात तो रिपोर्ट पाठवाल का? मला तो वर्गात फळ्यावर दाखवायचा आहे, बर्फीपासून फेसपॅकपर्यंत.

दर्यापूरचा मोबाईलवाला:
मॅडम, नुसता फळ्यावर दाखवू नका. याच्या खात्याचं लॉगिन पोरायच्या हाती द्या, अन म्हणा, १० हजारांतले ५०० तुमचे. बुडाले तं कायले बुडाले, ते सांगा.