सकाळच्या दहा मिनिटांत विश्वचषक आटोपणाऱ्यांना उत्तर

अंत्रुजकर :

साखळीकर यांनी काल लिहिले की, यंदाचा, म्हणजे २०२६चा, फुटबॉलचा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको येथे असल्यामुळे गोव्यात तो पाहायचा तर रात्रीचा दिवस करावा लागेल, आणि शहाण्या माणसाने तसे काही न करता सकाळी चहाबरोबर दहा मिनिटांत सगळे गोल पाहून कामाला लागावे. पुढे त्यांनी थेट प्रक्षेपणासाठी झोप मोडणाऱ्यांना ‘दुसऱ्यांच्या घड्याळाचे गुलाम’ असेही म्हटले. हे दुसरे विधान मी सोडून दिले असते, कारण फुटबॉल पाहणाऱ्याला घरच्यांकडून याहून वाईट ऐकून घ्यायची सवय असते. पहिले मात्र सोडवत नाही.

८ जुलै २०१४ रोजी ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते येथे ब्राझील आणि जर्मनी यांचा विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला; आपल्याकडे तो ९ तारखेला पहाटे दीड वाजता सुरू झाला. तेविसाव्या ते एकोणतिसाव्या मिनिटापर्यंत जर्मनीने चार गोल केले. वडीलधारी माणसे झोपलेली असल्यामुळे आम्ही आवाज बंद ठेवून पाहत होतो. चोविसाव्या मिनिटाचा गोल झाला तेव्हा माझा चुलतभाऊ ‘अरे, तोच परत दाखवतायत’ असे म्हणून पाणी आणायला उठला, आणि कोपऱ्यातला आकडा बदललेला दिसताच तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. तो खाली बसेपर्यंत आणखी एक झाला होता. सकाळच्या दहा मिनिटांत हे चारही गोल एकामागून एक दिसतात, पण त्यात नवल ते काय, तिथे सगळेच गोल एकामागून एक दिसतात. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या ग्योत्सेने ११३व्या मिनिटाला एकमेव गोल केला. साखळीकरांच्या हिशेबाने त्या सामन्यात पाहण्याजोगे अर्धे मिनिटच होते. माझ्या हिशेबाने आधीची ११२ मिनिटे ज्याने सोसली नाहीत, त्याने तो गोल पाहिलाच नाही.

‘मग निकाल न कळू देता पूर्ण सामना सकाळी पाहा’ असे कोणी म्हणेल. त्याने गोव्यात राहून ते करून दाखवावे. फोन बंद ठेवता येतो, पण दारात पाव देणाऱ्या पोदेराचे तोंड बंद ठेवता येत नाही.

राहिला घड्याळाचा प्रश्न. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सहाला आणि उन्हाळ्यासाठी त्यांची घड्याळे तासाने पुढे गेली की पाचला दिसतो. तीनचा सामना साडेआठला किंवा साडेसातला, म्हणजे जेवणाच्या ताटावर. गंमत अशी की, मैदाने ओस पडू नयेत म्हणून तिथे शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत थेट फुटबॉल दाखवायला कित्येक दशकांपासून मनाई आहे. माझा शाळासोबती स्विंडनला राहतो. त्याच्यापासून तासाभराच्या अंतरावर खेळला जाणारा सामना त्याला घरी पाहता येत नाही, तो मी त्याला इथून फोनवर सांगतो. यात गुलाम कोण, ते साखळीकरांनीच ठरवावे.

आणि एक. दशावताराला रात्रभर बसून उजाडल्यावर घरी येणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. मग विश्वचषकासाठी, तोही चार वर्षांतून एकदा, जागणारानेच का म्हणून लाजावे?

साखळीकर :

अंत्रुजकरबाब, तुम्ही जेवणाच्या ताटावरचे सामने मोजून दाखवले, पण मी लिहिले होते ते पहाटेच्या सामन्यांविषयी. ते तुम्ही शिताफीने टाळले आहे.

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीचा सुपरवायझर आहे. १५ जुलै २०२४ हा सोमवार होता. रात्री साडेबाराला बर्लिनमधला स्पेन आणि इंग्लंड यांचा युरो चषकाचा अंतिम सामना, आणि पहाटे साडेपाचला मायामीमधला अर्जेंटिना आणि कोलंबिया यांचा कोपा अमेरिकेचा अंतिम सामना, असा तुमच्यासारख्यांचा दुहेरी सण होता. मायामीत प्रवेशद्वारांवर गर्दीचा गोंधळ होऊन सामना ८२ मिनिटे उशिरा सुरू झाला आणि वर जादा वेळेतही गेला. माझ्या पाळीतले तिघे आलेच नाहीत. आला तो चौथा, रात्रभराचा जागा, प्रेस मशीनसमोर उभ्या उभ्या पेंगत होता आणि त्याचा हात कुठे होता ते मी पाहिले म्हणून निभावले. अर्जेंटिनाच्या लाऊतारो मार्तिनेझचा ११२व्या मिनिटाचा गोल मीही पाहिला, संध्याकाळी, आणि माझ्या आनंदात काडीचीही कमी पडली नाही.

गुलामगिरी हा शब्द तुम्हाला लागला, तर १९८६चा विश्वचषक आठवा. मेक्सिकोच्या उन्हात खेळाडूंना भर दुपारी बारा वाजता पळवले, कारण तेव्हा युरोपात दूरचित्रवाणीसमोर बसायची वेळ होत होती. मॅराडोनासारख्याने त्याविरुद्ध आवाज उठवला, तरी वेळ बदलली नाही. जिथे खेळणाऱ्याच्या प्रकृतीला किंमत नाही, तिथे फोंड्यात जागणाऱ्याच्या झोपेला काय असणार? वेळ ज्याचा पैसा त्याची असते, आणि आपण उरलेली उचलतो.

मांडवीकाठचा :

साखळीकरांचे अर्धेच खरे आहे. पैसा आशियातूनही जातो, आणि त्याबरोबर वेळही सरकते. २३ डिसेंबर २०१७ रोजी रियल माद्रिद आणि बार्सिलोना यांचा सामना माद्रिदमध्ये दुपारी एक वाजता ठेवला होता, तो आपण संध्याकाळी साडेपाचला पाहिला. स्पेनमध्ये त्या वेळी धड जेवणेही झालेली नसतात. १९८६चा अंतिम सामना मी दूरदर्शनवर रात्री साडेअकराला सुरू झालेला पाहिला आहे. त्या वयात ती रात्र मला कोणाची उरलेली वाटली नव्हती.

तारवटी :

मी जहाजावर असतो. अटलांटिकमधून पश्चिमेकडे जाताना दर एक-दोन रात्रींनी घड्याळ तासाने मागे घेतात, त्यामुळे ‘सामना उद्या दीड वाजता’ असे कोणी म्हटले की, कुठल्या दीड वाजता, हे आधी विचारावे लागते. मेसमध्ये एकच टीव्ही असतो, आणि जहाजाने दिशा बदलली व धुराडे अँटेनाच्या आड आले की चित्र जाते. एका पेनल्टीच्या वेळी ते असे गेले की, परत आले तेव्हा दोन्ही संघ मध्यरेषेवर उभे होते आणि गोल झाला की नाही हे आम्ही त्यांच्या चेहऱ्यांवरून ताडत होतो. घरी बसून रात्री दीड वाजता स्वतःच्या टीव्हीवर सामना पाहायला मिळत असताना जे त्याविषयी तक्रार करतात, त्यांना एक खेप माझ्या जागी पाठवावे.

राखीव गोलरक्षक :

थेट, थेट असा जो घोष चालला आहे, त्यावर माझा साधा प्रश्न असा की, तुम्ही पाहता ते थेट असते कुठे?

१८ डिसेंबर २०२२. कतारमधल्या लुसैलचा, विश्वचषकाचा अंतिम सामना, आपल्याकडे रात्री साडेआठचा, म्हणजे साखळीकरांनाही चालेल अशा वेळेचा. ३-३ अशी बरोबरी, पेनल्टी किक, अकरा वाजून गेलेले. मी मोबाइलवरच्या अॅपवर पाहत होतो. माझ्या पडद्यावर अर्जेंटिनाचा मोंतिएल निर्णायक किक मारायला चेंडू हातात घेऊन गोलाकडे चालत होता, एवढ्यात वरच्या मजल्यावर आरडाओरडा झाला आणि गच्चीवरून फटाक्यांची माळ लागली. अर्जेंटिना विश्वविजेता झाला, पण माझा मोंतिएल अजून चालतच होता. मी पुढचे अर्धे मिनिट, निकाल ठाऊक असलेला, आयुष्यातला सर्वांत निरर्थक सामना पाहिला. वरच्यांशी मी त्यानंतर बरेच दिवस बोललो नाही.

कारण साधे आहे. अॅपसाठी चित्राचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, आणि नेट अडखळले तरी चित्र थांबू नये म्हणून अॅप आधी काही तुकडे साठवते व मगच दाखवायला लागते. डिशवाल्याचे चित्र सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला शिवून येते, तरी त्या जाण्यायेण्यात पाव सेकंदच जातो. म्हणजे अंतराळातून आलेला गोल वरच्या मजल्यावर आधी पोहोचतो आणि तारेतून आलेला खाली मागून.

वरचा मजला :

मी तोच ‘वरचा’. नाव घेतलेले नाही, पण इमारतीत मोंतिएलवरून अबोला धरणारा दुसरा कोणी नाही. आम्ही डिशचे पैसे भरतो, गोल झाला की ओरडतो, आणि यात कोणताही गुन्हा नाही. तुमचे अॅप मागे आहे म्हणून आम्ही अर्धे मिनिट श्वास रोखून बसावे, अशी अपेक्षा असेल तर ती लेखी कळवावी.

राखीव गोलरक्षक :

लेखीच कळवतो आहे. विश्वचषक जून-जुलैत आहे हे मात्र विसरू नका. मुसळधार पावसात तुमच्या डिशवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येईल, तेव्हा वरचा मजला खाली येऊन माझ्या अर्ध्या मिनिट शिळ्या चित्राकडे पाहत बसेल. २०१४ सालीही असेच झाले होते, आणि मी तेव्हा दार उघडले होते.

वरचा मजला :

उघडले होते, मान्य. आणि मध्यंतरालाच वीज गेल्यावर तुमचे नेटही गेले होते, तेव्हा बॅटरीवरचा रेडिओ कोणी खाली आणला होता, तेही लिहा.

मांडवीकाठचा :

हा वाद पाहता केबलवाल्याविषयी कोणीच बोलत नाही, याचे वाईट वाटते. आमच्या वाड्यावर केबल डिशच्याही किंचित मागे आहे, आणि त्यामुळे प्रत्येक गोल आम्हाला तीन हप्त्यांत ऐकू येतो.

पेडण्याची सून :

अंत्रुजकरबाबांचा दशावताराचा दाखला वाचून राहवले नाही. दशावताराला अख्खा गाव देवळासमोर जागा असतो. कोणाची झोप मोडायला घरात कोणी शिल्लकच नसते, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव मिळून उशिरा उठतो. तुमच्या सामन्याला एका घरातला एक पुरुष जागा असतो आणि दहा घरे उठवतो. माझे सासरे हृदयविकाराचे रुग्ण आहेत. २०२२ सालच्या त्याच रात्री फटाक्यांनी ते दचकून उठले आणि आम्ही रात्र दवाखान्यात काढली. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम देशभर आहे. विश्वचषकाच्या महिन्यात तो पाळला जातो का, ते तुम्हीच सांगा.

आणि त्या जागणाऱ्या पुरुषाला बारा वाजता ऑम्लेट-पाव कोण करून देते, यावरही कधीतरी वेगळा धागा काढावा.

अंत्रुजकर :

सूनबाई, ऑम्लेट मी स्वतः करतो, आणि आमच्याकडे आवाज बंद असतो, हे वर लिहिलेच आहे. फटाक्यांचे मी समर्थन केलेले नाही. दशावताराचा मुद्दा तुम्ही माझ्याच अंगावर उलटवलात. तो तुमच्याकडे राहू द्या, मला दुसरे पुष्कळ आहेत.

फातोर्ड्याचा पूर्व स्टँड :

तुम्हा सगळ्यांना मध्यरात्रीचे इतके कौतुक आहे, तर संध्याकाळी घराजवळ होणारे फुटबॉल पाहायला तुमच्यातले किती जण येतात? २००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात मोसमांत देशाचे विजेतेपद धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर यांनी गोव्यातच ठेवले. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, तेव्हा या मंडळींपैकी कोणाचीही झोप मोडली नाही. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी रोनाल्डोचा सौदी संघ अल नस्र मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाशी खेळायला आला, तेव्हा मात्र सगळ्यांना तिकीट हवे होते. रोनाल्डो येणार नाही हे कळताच निम्म्यांनी मला तिकिटे परत घ्यायची गळ घातली. एफसी गोवा १-२ असा हरला. ब्रायसन फर्नांडिसचा गोल पाहायला कोणालाही घड्याळ लावून उठावे लागले नव्हते.

साखळीकर :

हे शेवटचे वाक्य माझ्या बाजूने मोजावे.

अंत्रुजकर :

मोजू नये. मी त्या सामन्याला होतो, आणि ब्रायसनचा गोल मला दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर पाहून चालला असता का, असे पूर्व स्टँडला विचारावे. ते माझ्या बाजूने आहेत, फक्त त्यांना मी आवडत नाही.

काणकोणचा रापणकार :

१ जून ते ३१ जुलै आमच्याकडे ट्रॉलरना मासेमारीबंदी असते. विश्वचषक त्याच दिवसांत येतो, त्यामुळे आमची ट्रॉलरवर जाणारी पोरे रात्रभर जागतात आणि दिवसभर झोपतात, कोणाचेही काही बिघडत नाही. झोपेचा प्रश्न हा पाळीवर जाणाऱ्यांचा आहे, तो सगळ्या गोव्याचा करू नये.

साखळीकर :

पाळीवर जाणारे गोव्यात राहत नाहीत काय? १२ जूनच्या पहिल्या रात्री साडेबाराला मेक्सिको सिटीचा सामना, त्यानंतर महिनाभर साडेबारा, साडेतीन, साडेसहा असे चालणार, आणि अंतिम सामना न्यू जर्सीचा, १९ जुलैला त्यांच्याकडे दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडे २० तारखेला रात्री साडेबाराला. तो दिवस सोमवार आहे. पहिल्या पाळीच्या रजेच्या अर्जांवर ‘अंगात ताप’ असे लिहिलेले मी आताच वाचू शकतो.

३० मेचा बुडापेस्टचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मी थेट पाहणार आहे, हेही सांगून ठेवतो, नाही तर मला फुटबॉलचा वैरी ठरवाल. तो तिथे संध्याकाळी सहाला ठेवला आहे, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला. शनिवार आहे, दुसऱ्या दिवशी पाळी नाही. माणसाच्या वेळेला ठेवला की माणूस पाहतो.

अंत्रुजकर :

तो लवकर ठेवला आहे तो मैदानावर लेकरांना घेऊन येणाऱ्यांना सामन्यानंतर घरी जायला गाड्या मिळाव्यात म्हणून. वेर्ण्याच्या पाळीचा त्यांनी विचार केल्याचे माझ्या वाचनात नाही. पण या, आमच्याकडेच या. जादा वेळ आणि पेनल्टी किक झाल्या, तर साडेबारा वाजतीलच.

राखीव गोलरक्षक :

अंत्रुजकरांकडे डिश आहे की अॅप, ते आधी विचारून घ्या.