डेफिनिशन पाठ आहे पण प्रूफमध्ये वापरताच येत नाही, काय करू?

प्रश्न:
रिअल अनॅलिसिस चालू झाल्यापासून गाडी अडलीये. सीक्वेन्सच्या (ओळीने येणाऱ्या आकड्यांच्या) लिमिटची डेफिनिशन झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन, पण प्रूफ लिहायला बसलं की पहिली ओळच सुचत नाही. शाळेत लिमिट म्हणजे आकडेमोड करून उत्तर काढायचं, इथे 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी (म्हणजे कितीही छोट्या पॉझिटिव्ह नंबरसाठी) असा एन मिळतो की एनव्या टर्मच्या पुढचं प्रत्येक टर्म लिमिटपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असतं'. नवीन डेफिनिशन आली की तुम्ही नक्की करता काय?

उत्तर:
पाठांतर सोडू नकोस, शब्दन् शब्द लागतो. पण नंतर ती मोडून बघ. म्हणजे 'असा एकच एन आहे जो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो' असा क्रम उलटा कर आणि १, १/२, १/३... वर लाव, ज्याची लिमिट ० आहे. बसतच नाही! कारण एकच एन सगळ्यांना पुरायचा तर त्याच्यापुढचं प्रत्येक टर्म लिमिटपासून कुठल्याही पॉझिटिव्ह नंबरपेक्षा जवळ हवं, म्हणजे अंतर शून्यच, म्हणजे पुढे जाऊन लिमिटवरच थांबलेले सीक्वेन्स तेवढे उरतात. हे स्वतः करून बघितलं की क्रम का जपायचा ते डोक्यात बसतं.

उत्तर:
पहिली ओळ डेफिनिशनच देते रे. 'प्रत्येक एप्सिलॉन' म्हटलंय ना, मग 'समजा एप्सिलॉन > ० दिलाय' इथूनच सुरुवात. एन शोधायचं काम कच्च्या कागदावर उलटीकडून कर, वरच्याच उदाहरणात १/एप्सिलॉनपेक्षा मोठा कुठलाही एन चालतो.

उत्तर:
डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर यांनी १९८१ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की डेफिनिशन एक असते आणि मनातलं चित्र वेगळंच, आणि मुलं बहुतेकदा चित्रावर विसंबतात. म्हणून चित्राला खोटं पाडणारी उदाहरणं शोध. [०, १) म्हणजे ० धरून आणि १ सोडून मधले सगळे नंबर. हा सेट ओपनही नाही (प्रत्येक पॉइंटच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सेटमध्येच हवी), क्लोज्डही नाही (सेटमधल्या सीक्वेन्सची लिमिट सेटमध्येच हवी), ते कुठल्या पॉइंटमुळे हे डेफिनिशन समोर ठेवून तपास. आणि प्रत्येक डेफिनिशनचं निगेशन, म्हणजे ती नेमकी कधी लागू होत नाही ते, लिहीच, माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

प्रश्नकर्ता:
निगेशन करून बघितलं. १, −१, १, −१... साठी एप्सिलॉन १ घेतला, लिमिट १ मानली, तर कितीही पुढे गेलं तरी −१ येतोच आणि अंतर २. म्हणजे लिमिट नाही, बरोबर?

उत्तर:
मस्त, पण यातून फक्त लिमिट १ नाही एवढंच निघतं. लिमिट म्हणून कुठलाही नंबर एल घे, १ आणि −१ मध्ये २ चं अंतर आहे, मग दोघंही एलपासून १ पेक्षा कमी अंतरावर असूच शकत नाहीत. एप्सिलॉन तुझाच राहू दे, फक्त हे लिही.