२६ जानेवारीचा फलक आणि कॅनबेराचं नाक

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार मंडळी. २६ जानेवारीच्या फलकाचं डिझाइन सी-२०४ ने वर टाकलंय. यंदा हवाई दलाचे एअर कमोडोर पद्मनाभ गौतम, दोन वेळा महावीर चक्र. सूचना रात्री नऊपर्यंत द्या, उद्या सकाळी फ्लेक्स छापायला जाणार.

बी-३०३: मस्त झालंय. सुखोई एकदम झकास.

आजोबा (ए-४०२): बाळा, मेहनत दिसतेय. पण विमान बदल. सुखोई-३० साहेबांच्या हयातीत नव्हतंच. दोन्ही पदकं कॅनबेरावरची, पाकिस्तानशी झालेल्या १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतली. कॅनबेरा म्हणजे बाँबर. मी आग्र्याला कॅनबेराच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, आर्मामेंट फिटर होतो, विमानावर बाँब चढवायचं काम, म्हणून डोळ्याला लगेच खटकलं.

सी-२०४: सॉरी आजोबा. दिसायला भारी होतं म्हणून टाकलं. बदलतो लगेच.

डी-१०२: काका, राग मानू नका, एक विचारतो. फायटरवाला समोरासमोर भिडतो. बाँबरवाला रात्रीचा येतो, वरून टाकतो आणि जातो. त्यात दोनदा महावीर चक्र मिळण्यासारखं काय असतं? घरी पोरं विचारायलीत.

आजोबा (ए-४०२): राग कसला, चांगलं विचारलंस. लिहायला वेळ लागेल, थांबा जरा.

बी-१०४ काकू: माझं माहेर मुंबईचं. ७१ ला काचांना काळे कागद चिकटवलेले आठवतात. भोंगा झाला की आई आम्हाला जिन्याखाली बसवायची.

आजोबा (ए-४०२): होटगी रोडच्या विमानतळावर उतरणारं विमान आपल्या गच्चीवरून किती खाली दिसतं? साधारण तेवढ्या उंचीवरून, रात्री, दिवे बंद करून, परक्या मुलखावरून जायचं. का, तर रडारला दिसू नये म्हणून. लक्ष्य जवळ आलं की वर चढायचं, आणि तिथे खरी परीक्षा. फायटरला मागे कुणी लागलं तर गिरकी घेता येते. बाँबरला शेवटच्या टप्प्यात ती मुभा नाही. वेग, उंची, दिशा तिन्ही धरून ठेवायची. खालून तोफांचे लाल ठिपके ओळीने वर येताना दिसतात आणि हात हलू द्यायचा नाही. हात हलला की बाँब धावपट्टी सोडून भलतीकडे. आम्ही दिवसभर खपून चढवलेले हजार पौंडी बाँब वाया.

आजोबा (ए-४०२): गौतम साहेबांनी १९७१ च्या ५ डिसेंबरला पाकिस्तानातल्या मियांवालीच्या विमानतळावर हल्ला केला. आणि ७ तारखेला पुन्हा तिथेच गेले. पहिल्या खेपेला शत्रू थोडा तरी गाफील असतो. दुसऱ्या खेपेला तोफा लावून वाट बघत बसलेला असतो. स्क्वाड्रनचे सीओ, म्हणजे प्रमुख होते ते. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण दोन्ही वेळा पुढे स्वतः. मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते.

सेक्रेटरी (ए-१०१): दोनदा महावीर चक्र मिळालेले देशात आजवर सहाच जण झाले. आपले अलिबागचे जनरल अरुणकुमार वैद्य त्यातले एक. हेही फलकावर घेऊ.

डी-१०२: काका, पटलं. पोरांना हेच वाचून दाखवतो.

बी-१०४ काकू: आजोबा, खालच्या लोकांचं काय हो? बाँबला माणूस कळत नाही.

आजोबा (ए-४०२): खरं आहे वहिनी. ट्रॉलीवरून बाँब आणून विमानाच्या पोटात चढवताना मलाही हे वाटायचं. आमची लक्ष्यं धावपट्ट्या, तेलाच्या टाक्या, रेल्वेयार्ड अशी असायची. तरी काम करणारी माणसं तिथेही असतातच. म्हणून तर नेम चुकवायचा नाही, हात स्थिर ठेवायचा. आणि आम्ही स्वतः खाली होतो की ३ डिसेंबरला. दत्तजयंती नुकतीच झालेली, टिपूर चांदणं. ताजमहाल चमकू नये म्हणून कापडाने झाकला होता. आग्र्यावर आले ते पाकिस्तानचे बी-५७, म्हणजे अमेरिकेत बांधलेली कॅनबेराच. दोन्हीकडे एकाच घराण्याचं विमान! आवाज ओळखीचा, माणूस परका. त्याच रात्री आमचीही विमानं निघाली. कॅनबेराचं इंजिन काडतुसाने सुरू व्हायचं. धाडकन आवाज आणि काळ्या धुराचा लोट. तो वास अजून नाकात आहे.

सी-२०४: आजोबा, हा फोटो चालेल का? काचेचा घुमट मधोमध नाही, डावीकडे सरकलाय. चुकीचा तर नाही ना?

आजोबा (ए-४०२): अगदी बरोबर आहे. हेच आपलं बी-आय-५८, आपल्या हवाई दलाचं कॅनबेरा. डावीकडच्या घुमटात पायलट. आता नाकाकडे बघ, पुढे काच आहे. तिथे नॅव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारा, असायचा. नेम धरताना पालथा झोपायचा. जमीन त्याच्या हनुवटीखाली, तोफा फुटताना सगळ्यात आधी त्याला दिसणार. आणि ऐका, विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट फक्त पायलटला होती. नॅव्हिगेटरला नाही. त्याने सरपटत दारापर्यंत यायचं आणि उडी मारायची.

बी-३०३: म्हणजे विमानाला गोळा लागला तर?

आजोबा (ए-४०२): तर पायलटने विमान तोवर सावरून धरायचं. आधी पुढचा बाहेर पडणार, मग आपण. हे ज्याला उमगलं त्याच्या हातात विमान द्यायचं. जाताना आम्ही शिडीपाशी उभे असायचो. दोघं चढायचे. पहाटे दोघं उतरले की आम्ही चहा घ्यायचो, तोवर घशाखाली उतरायचा नाही.

डी-१०२: 🙏🙏

बी-१०४ काकू: गौतम साहेब पुढे?

आजोबा (ए-४०२): लढाईतून सुखरूप आले. वर्षाच्या आतच, नोव्हेंबर १९७२ मध्ये, पुण्यात मिग-२१ च्या अपघातात गेले. आग्र्याला बातमी आली तेव्हा हँगरमध्ये हातातले स्पॅनर खाली ठेवून सगळे नुसते उभे राहिले होते.

सेक्रेटरी (ए-१०१): आजोबा, ध्वजवंदनानंतर दहा मिनिटं तुम्ही बोला. खुर्ची सावलीत ठेवतो.

आजोबा (ए-४०२): बोलेन. उभा राहून बोलेन.

सी-२०४: नवीन डिझाइन टाकलंय. कॅनबेरा घेतलं, खाली १९६५ आणि १९७१ लिहिलं. बघा.

आजोबा (ए-४०२): छान. पण नाकाची काच अक्षरांखाली गेलीय. नाव थोडं वर घे. पुढचा माणूस दिसला पाहिजे.