मदत हवी आहे : पुण्याहून मावशी येतेय, सराफ्यात बसून खायची सोय कुठे?

नमस्कार मंडळी, मी इंदूरलाच राहते. डिसेंबरात माझी ७२ वर्षांची मावशी पुण्याहून विमानाने येतेय, तीन दिवसांसाठी. आयुष्यातला तिचा पहिलाच विमानप्रवास!

तिला इथल्या सराफा बाजारातला भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला मसालेदार कंद) खायचेच आहेत. गराडू थंडीतच मिळतात, म्हणून तर डिसेंबर ठरवला. पण सराफ्यातली खाण्याची दुकानं लागतात सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर, रात्री नऊनंतर. गर्दी प्रचंड, आणि तिचे गुडघे दुखतात. तिथे आसपास खुर्चीवर बसून खाता येईल अशी जागा आहे का? की छप्पन दुकान या खाऊगल्लीत नेऊ? तिथे बसायला बरं आहे, पण सराफ्याची मजा नाही, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, परतीचं विमान सकाळी ७ चं आहे. चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे घरून पाचलाच निघावं लागेल. तेव्हा वाटेत गरम पोहे-जिलेबी कुठे मिळतील? उपाशी पाठवायचं जिवावर येतं. शिवाय लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत तेल न गळता कशी बांधता, तेही सांगा. शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) तर ती नेणारच.