चौकातला फ्लेक्स पाहून प्रश्न पडला, हिरो म्हणजे नेमका कोण?

धानाची_बांधी:
आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, जंगलाला लागून. मागच्या वर्षी मोहफुलाच्या सीझनमध्ये पहाटे बाया फुलं वेचत होत्या, एका काकूवर वाघानं झडप घातली, माझा चुलतभाऊ दहा पावलांवर, तो काठी आपटत असा काही ओरडला की वाघानं काकूला सोडलं. खांदा फाटला पण काकू वाचली. चार दिवसांत चौकात फ्लेक्स, 'आमचा ढाण्या वाघ', शाल-नारळ, सगळं झालं. त्यालाच विचारून पुढचं लिहितो. तो मले म्हणे, "मी थांबलो नव्हतो बे, माह्ये पायच हलले नाही, पयाले जमलं असतं त पयालो असतो." फ्लेक्ससमोरून तो मान खाली घालून सायकल रेटते. माझं मत, हिरो हा शब्द आपण आपल्या सोयीसाठी वापरतो. एकदा चिकटवला की त्या माणसाला घाबरायचीही सोय राहत नाही.

अकोल्याचा_पोट्टा:
काहून बा असं? पाय हलले नाही म्हणता, पण आवाज त निंगाला ना! वाघ समोर असल्यावर भल्याभल्याचा घसा कोरडा पडते. भेव वाटलं म्हणून हिरो नाही, हे मले बिलकुल पटत नाही. चौकात फोटो लागाचाच हाय त असल्याच माणसाचा लागो.

मास्तर_नागभीड:
मला दोघांचंही पटत नाही. एका मिनिटाच्या धाडसाला हिरो म्हणायचंच कशाला? आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे बघा. १९८३ च्या सुमारास धानात दोनचार लोंब्या वेगळ्या दिसल्या, तेवढ्या त्यांनी बाजूला ठेवल्या, पेरल्या, परत निवडल्या, असं वर्षानुवर्षं. त्यातून एचएमटी धान आलं, नाव मनगटी घड्याळावरून. २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं, २०१८ मध्ये गेले. बांधीत वाकून लोंब्या निवडताना टाळ्या वाजवायला कोणी नसतं. तरी जो वाकतो तो हिरो.

अकोल्याचा_पोट्टा:
सर, दादाजींबद्दल आदरच हाय. पण त्यायलेही आपण हिरो म्हटलं अन् आयुष्य त गरिबीतच गेलं. मंग ते त धानाच्या भावाचं भांडण झालं, शब्दाचं नाही.

मोहफुल_ताई:
मी त्याच गावची, अन् त्या काकूबद्दल कोणीच काही लिहिलं नाही म्हणून राहवलं नाही. यंदा मार्चमध्ये ती परत टोपली घेऊन आली. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, उजव्या हातानं वेचते, टोपली डोक्यावर दुसरी कोणी तरी चढवून देते. ज्या झाडाखाली झालं ते झाड सोडून बाकी सगळीकडे जाते. शाल तिला नाही मिळाली. घरी मोहफुलाच्या पैशावर पोरीची फी असते, तिला घरी बसायची सोयच नाही. मला तर हिरो तीच वाटते, पण तिला असं म्हणून पहा, ती म्हणेल काम पडलं आहे, जाऊ दे.

धानाची_बांधी:
ताई, वाघाची गोष्ट सांगताना काकूची गोष्ट मी अर्धीच सोडली, माझ्या डोक्यातच नाही आलं. भाऊ पण यंदा बायांसोबत जात होता, डबा वाजवत, ते तुम्ही पाहिलंच असेल. फ्लेक्स काढायचं मी ग्रामपंचायतीत बोलतो. अन् अकोल्याच्या भावा, आवाज निंगाला होता हे तुझं बराबर हाय. आज संध्याकाळी त्याले सांगतो.