इंदूरचा म्हणून दर वेळी रजतच कॅप्टन?

राजवाडा_कट्टा: आमच्या चुलत भावंडांच्या फॅन्टसी लीगमध्ये (खऱ्या मॅचचे प्लेअर निवडून आपली टीम करायची, ते जसे खेळतील तसे पॉइंट) दादा प्रत्येक मॅचला रजत पाटीदारलाच कॅप्टन करतो, पिच कसं का असेना, वर म्हणतो भिया आपल्या इंदूरचा आहे. कॅप्टनचे पॉइंट डबल होतात हो! कसं समजवायचं याला?

लेगस्पिन_काका: डबल होतात म्हणूनच तर सगळं प्रेम तिथे ओततो तो. २०२५ ची आयपीएल फायनल दाखवा, रजतची टीम आरसीबी (बेंगळुरू) जिंकली पण त्याचे रन २६, आणि प्लेअर ऑफ द मॅच कोण तर कृणाल पंड्या, ४ ओव्हर १७ रन २ विकेट. आरसीबीचाच माणूस घ्या ना, पण बघून घ्या.

सयाजीगंजकर: कृणाल आमच्या बडोद्याचा बरं का 😄

एबी_रोडची_मावशी: खरा घोळ उलटाच असतो, समोरच्या टीमचा चांगला प्लेअर घ्यायचाच नाही. त्याच फायनलला पंजाबच्या शशांकने नाबाद ६१ मारले, आमच्या घरात एकानेही घेतला नव्हता, का तर तो चालला म्हणजे आपण हरणार. अहो, आपण घेतला म्हणून तो जास्त मारतो का!

राजवाडा_कट्टा: दादाला वाचून दाखवलं. म्हणे २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, पैसे लावायचेच नाहीत, मग रजतच.